अस्त्र आवरण्याची विद्या



७ मे २०२५ च्या संध्याकाळी ग्वाल्हेर शहरातील दिवे काही वेळ मालवण्यात आले. नागरी संरक्षणाचा तो देशव्यापी सराव होता. मध्यप्रदेशातील ज्या मोजक्या जिल्ह्यांची निवड त्यासाठी झाली होती, त्यांत ग्वाल्हेर होते. २२ एप्रिलला पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाली होती आणि ७ मेच्या पहाटेपूर्वीच भारतीय सेनादलांनी सीमेपलीकडील नऊ ठिकाणांवर प्रहार केला होता. दाना ओलीसारख्या जुन्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना त्या अंधारात १९६५ आणि १९७१ ची आठवण होणे स्वाभाविक होते. काचांना डकवलेले काळे कागद, भोंग्याचा आवाज, रेडिओभोवती जमलेली घरची माणसे हे सारे त्यांनी पाहिलेले होते.

परंतु १९७१ चा अंधार आणि २०२५ चा अंधार यांत एक मूलभूत अंतर आहे. १९७१ मध्ये लढणाऱ्या दोघांपैकी एकाजवळही अणुबाँब नव्हता. आज दोघांजवळही तो आहे. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये भारताजवळ सुमारे १८० आणि पाकिस्तानजवळ सुमारे १७० अण्वस्त्रे होती. चीनची संख्या सुमारे ६०० झाली होती. काळे कागद लावून ज्यापासून घर वाचवता येईल, असा हा प्रकाश नव्हे. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय दूरच्या राजधान्यांतला वाटला, तरी तो या ओलीच्या दारापर्यंत आलेला आहे.

किंबहुना या शहराचा त्या विषयाशी असलेला संबंध पुष्कळांना वाटतो त्याहून निकटचा आहे. महाराजपूरच्या विमानतळावर १९८५ मध्ये मिराज २००० विमाने आली. १९९९ च्या कारगिल संघर्षात टायगर हिलवर अचूक मारा केला तो याच जातीच्या विमानांनी. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर जी विमाने गेली, ती ग्वाल्हेरहूनच उडाली होती. सरकारने याविषयी कधी वाच्यता केलेली नाही. तथापि येथील मिराज विमानांवर गरज पडल्यास अण्वस्त्रे वाहण्याचीही जबाबदारी असावी, असे परदेशी अभ्यासक वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. ज्या शहरातून अस्त्र निघू शकते, त्या शहराकडे प्रतिपक्षाचेही लक्ष असणार, हे समजण्यास युद्धशास्त्राचा अभ्यास लागत नाही.

दुसरा धागा माणसाचा आहे. अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी याच शहरात झाला. वडील कृष्णबिहारी शिक्षक. गोरखीच्या शाळेत आणि पुढे व्हिक्टोरिया कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. हिरोशिमाच्या वेदनेवर कविता लिहिणारे वाजपेयी, ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणच्या वाळवंटात पाच अणुस्फोट घडवण्याचा निर्णय घेणारे वाजपेयी, आणि त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, २० फेब्रुवारी १९९९ रोजी, बसने लाहोरला जाणारे वाजपेयी ही तीन निराळी माणसे नव्हती. या तिघांत विसंगती पाहणारे पुष्कळ आहेत. अधिक न्यायाने पाहिले तर असे म्हणावे लागते की, ज्याने अस्त्र हाती घेतले त्यालाच ते आवरण्याची निकड सर्वांहून तीव्रतेने जाणवली. लाहोरच्या करारपत्रात अपघाताने किंवा परवानगीवाचून अण्वस्त्र सुटण्याचा धोका कमी करण्याची बोली आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत कारगिलच्या शिखरांवर युद्ध पेटले. बोली आणि व्यवहार यांतले हे अंतर हाच आजच्या चिंतेचा गाभा होय.

या अस्त्राचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बाँबची शक्ती सुमारे पंधरा हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी होती. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत त्या एका शहरात सुमारे १,४०,००० माणसे मेली. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा बाँब पडला आणि तेथे सत्तर हजारांवर माणसे गेली. मरणाऱ्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, आग विझवणारे होते; म्हणजे जखमीला हात देणारा हातच उरला नाही. साध्या युद्धात शहराचा एक भाग जळतो आणि दुसरा भाग त्याच्या मदतीला धावतो. येथे धावणारा भागच शिल्लक राहत नाही. पोखरणला ११ मे १९९८ रोजी झालेल्या स्फोटांपैकी सर्वांत मोठ्याची शक्ती सरकारी निवेदनानुसार ४५ हजार टनांची, म्हणजे हिरोशिमाच्या तिप्पट होती.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा जगाने सुटकेचा निःश्वास टाकला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. ती २०२५ मध्ये १२,००० च्या आसपास आली. हे यश लहान नव्हे. परंतु ज्या करारांच्या आधारे ही घट झाली, ते एकामागून एक ढासळले. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील १९८७ चा करार २ ऑगस्ट २०१९ रोजी संपुष्टात आला. अमेरिका आणि रशिया यांच्या दीर्घ पल्ल्याच्या अस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या करारातील आपला सहभाग रशियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थगित केला आणि त्या कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर रशियाच्या नेतृत्वाने अण्वस्त्रांची भाषा उघडपणे वापरली. जी गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी मुत्सद्दी कुजबुजत बोलत, ती आता व्यासपीठावरून बोलली जाते. शिकागोच्या अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने १९४७ पासून चालवलेले ‘प्रलयाचे घड्याळ’ जानेवारी २०२५ मध्ये मध्यरात्रीपासून ८९ सेकंदांवर आणून ठेवले. ते घड्याळ म्हणजे गणित नव्हे, जाणकारांनी दिलेला इशारा आहे. आणि तोपर्यंतच्या इतिहासात तो काटा मध्यरात्रीच्या इतका जवळ कधीही आला नव्हता.

असे युद्ध कोणी मुद्दाम करील का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शहाणा माणूस ते करणार नाही, हे उत्तरही ठरलेले आहे. पण धोका वेडेपणात जितका आहे, त्याहून अधिक घाईत आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या एका इशारा केंद्रावर अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे उपग्रहाने कळवले. कामावर असलेले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला की, खरे आक्रमण पाच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही. त्यांनी तो इशारा खोटा ठरवला. तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला फसवले होते. त्या रात्री कामावर दुसरा कोणी, केवळ हुकमाचा ताबेदार, असता तर?

उदाहरणासाठी मॉस्कोपर्यंत जाण्याचेही कारण नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरच्या आकाशात दोन्ही देशांची विमाने भिडलेली असताना बडगाम येथे आपलेच एक हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले. हवाई दलाचे सहा जवान आणि जमिनीवरचा एक नागरिक प्राणास मुकले. ही चूक हवाई दलाने पुढे प्रांजळपणे मान्य केली. ९ मार्च २०२२ रोजी तर कोणताही तणाव नसताना, देखभालीच्या वेळी झालेल्या चुकीने भारताचे एक क्षेपणास्त्र सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू या गावाजवळ पडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. सरकारने दोन दिवसांनी खेद व्यक्त केला आणि पुढे तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले. हेच क्षेपणास्त्र मे २०२५ च्या रात्रींपैकी एखाद्या रात्री चुकून सुटले असते, तर पलीकडच्या अधिकाऱ्याने ती चूक आहे असे मानले असते काय? भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये समुद्र नाही. क्षेपणास्त्राला लागतात ती काही मिनिटे. तेवढ्यात दूरध्वनीवर नीट बोलणेही होत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते म्हणणारे लोक युद्धखोर नाहीत. ते म्हणतात, अण्वस्त्रांमुळेच मोठे युद्ध टळले. १९७१ नंतर तसे सर्वंकष युद्ध झाले नाही. ते म्हणतात, युक्रेनने १९९४ च्या बुडापेस्ट करारानुसार आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रे परत केली आणि २०१४ व २०२२ मध्ये त्याच्यावर आक्रमण झाले. दुबळ्याच्या शांततेला किंमत नसते. ते म्हणतात, चीन आणि पाकिस्तान ही दोन शेजारी राष्ट्रे अण्वस्त्रधारी असताना भारताने निःशस्त्र राहणे हा आत्मघात ठरला असता. यातील प्रत्येक विधानात तथ्य आहे आणि त्याची टवाळी करणे सोपे असले तरी योग्य नाही.

मात्र त्या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. भीतीमुळे युद्ध टळते हे खरे. पण भीतीची सवय होते. १९९९ मध्ये हवाई दलाला नियंत्रण रेषा न ओलांडण्याची सक्त आज्ञा होती. २०१९ मध्ये ती रेषा ओलांडून खैबर-पख्तुनख्वामधील बालाकोटपर्यंत विमानांचा मारा पोहोचला. २०२५ मध्ये पाकिस्तानी पंजाबातील बहावलपूर आणि मुरीदके येथे प्रहार झाले आणि पुढील तीन दिवसांत दोन्हीकडच्या हवाई तळांवर क्षेपणास्त्रे व ड्रोन झेपावले. प्रत्येक वेळी कारण गंभीर होते. दहशतवाद्यांनी घेतलेले बळी खरे होते आणि राष्ट्राचा संताप न्याय्य होता. तरीही क्रमाने पाहता प्रत्येक संकट मागच्या संकटाहून एक पायरी वर चढलेले दिसते. जिन्याची शेवटची पायरी कोणती, हे चढणाऱ्या दोघांनाही ठाऊक नाही. पाकिस्तानने ‘प्रथम वापर न करण्याचे’ वचन कधीही दिलेले नाही आणि २०११ पासून रणभूमीवर वापरण्याजोग्या, साठ किलोमीटर पल्ल्याच्या लहान अण्वस्त्राची सिद्धता दाखवली आहे. भारताने ते वचन दिले आहे. ४ जानेवारी २००३ च्या निवेदनात ते स्पष्ट आहे, आणि त्याबरोबर प्रचंड प्रत्याघाताची ताकीदही आहे. १६ ऑगस्ट २०१९ रोजी, वाजपेयींच्या पहिल्या स्मृतिदिनी, पोखरण येथेच संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी या वचनाचे भवितव्य परिस्थितीवर अवलंबून राहील, असे सूचित केले. एकाची सुरुवात लहान अस्त्राने आणि दुसऱ्याचे उत्तर प्रचंड, अशी ही रचना आहे.

शिंद्यांच्या या राजधानीत युद्धाची गोष्ट निघाली की दत्ताजींचे नाव निघतेच. १० जानेवारी १७६० रोजी बुराडीच्या घाटावर घायाळ होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांना शत्रूने हिणवून विचारले आणि त्यांनी उत्तर दिले, ‘बचेंगे तो और भी लडेंगे.’ मराठी मनाने हे वाक्य अडीचशे वर्षांहून अधिक काळ उराशी जपले आहे. त्यातील ‘लडेंगे’ या शब्दावर सगळ्यांचा भर असतो. पण वाक्याचा पहिला शब्द ‘बचेंगे’ हा आहे. वीराने पराक्रमाला घातलेली ती अट आहे. पुढच्या वर्षी पानिपत झाले. जनकोजी गेले; पण महादजी घायाळ होऊन का होईना, बचावले आणि त्यांनीच पुढे दिल्लीपर्यंत दौलत पुन्हा उभी केली. पानिपतचा सर्वनाश कळवणारे पत्र सावकारी सांकेतिक भाषेत होते, गळालेल्या मोत्यांचा आणि हरवलेल्या मोहरांचा त्यात हिशेब होता. म्हणजे इतक्या भयंकर संहारानंतरही हिशेब लिहिणारा कोणी होता, पत्र नेणारा जासूद होता आणि ते वाचून रडणारे पुणे शाबूत होते. अणुयुद्धात ‘बचेंगे’ हा शब्दच पुसला जातो. मग उरलेल्या वाक्याला अर्थ राहत नाही. दत्ताजींचे शौर्य ज्यांना खरोखर वंद्य वाटते, त्यांनी हा पहिला शब्द विसरता कामा नये.

महाभारतकारांनी ही गोष्ट फार पूर्वी जाणली होती. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ वाचलेल्या मराठी रसिकाला सौप्तिकपर्वाची आठवण करून देण्याची गरज नाही. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडले, उत्तरादाखल अर्जुनानेही सोडले. दोन्ही तेजांच्या मध्ये व्यास आणि नारद उभे राहिले आणि त्यांनी अस्त्रे परत घेण्यास सांगितले. अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते जमले नाही, कारण सोडण्याची विद्या त्याला येत होती, आवरण्याची येत नव्हती. अखेर ते अस्त्र पडले कोठे, तर पांडवस्त्रियांच्या गर्भांवर. ज्यांनी युद्ध पाहिलेही नव्हते, जे अजून जन्मलेही नव्हते, त्यांच्यावर. हिरोशिमात गर्भावस्थेत किरणोत्साराला सामोऱ्या गेलेल्या बालकांची कहाणी ज्यांनी वाचली आहे, त्यांना व्यासांच्या या कल्पनेने स्तब्ध व्हावे लागेल. अर्जुनाचे मोठेपण अस्त्र जवळ असण्यात नव्हते; ते अश्वत्थाम्याजवळही होते.

ही आवरण्याची विद्या राष्ट्रांना मुळीच येत नाही, असे मात्र नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्याप्रमाणे १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीस दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, पुलवामा झाले. यादी देणे थांबले नाही. २००५ मध्ये क्षेपणास्त्रांच्या चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा आणि २००७ मध्ये अण्वस्त्रांशी संबंधित अपघात परस्परांस कळवण्याचा करार झाला. १० मे २०२५ रोजी शस्त्रे थांबली तीही दोन्ही सैन्यांच्या कारवाई-महासंचालकांच्या दूरध्वनीवरील बोलण्याने. हे सारे कोरडे, सरकारी आणि अनाकर्षक आहे. त्यावर पोवाडे होत नाहीत. पण रात्रीच्या वेळी शहर वाचवते ते हेच.

आणखी एक उदाहरण तर याच शहरातले आहे. जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली आणि पुढे संरक्षण संशोधन खात्यात गेलेली येथील संस्था रासायनिक व जैविक अस्त्रांपासून बचावाचा अभ्यास करते. भारताने १९९३ मध्ये रासायनिक अस्त्रबंदीच्या जागतिक करारावर सही केली, आपल्याजवळचा साठा जाहीर केला आणि तो २००९ पर्यंत पूर्णपणे नष्ट केला. संशोधन उरले ते बचावाचे. विषारी वायूंची ही अस्त्रे पहिल्या महायुद्धात अपरिहार्य मानली गेली होती. मानवाने ठरवले तर अस्त्रांचा एक संपूर्ण वर्ग टाकून देता येतो, याचा हा पुरावा आहे. अण्वस्त्रांच्या बाबतीत तो दिवस दूर आहे, हे मान्य केले पाहिजे. तोपर्यंत जे शक्य आहे ते असे: बोलण्याची दारे संकटाच्या काळातही उघडी ठेवणे, चीनलाही अशा करारांच्या कक्षेत आणणे, प्रथम वापर न करण्याचे वचन सौम्य न होऊ देणे आणि निर्णयासाठी मिळणारा अवधी मिनिटांनी का होईना, वाढवणे.

यात ग्रंथालयाने काय करायचे, असे कोणी विचारील. २०२२ मध्ये ‘नेचर फूड’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, भारत-पाकिस्तान यांच्यात मोठे अणुयुद्ध झाल्यास जळत्या शहरांची काजळी वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन सूर्यप्रकाश अडवील, पिके बुडतील आणि जगात दोन अब्जांहून अधिक माणसे उपासमारीने मरतील. बाँब ज्या शेतावर पडला नाही, त्या शेतातही दाणा भरणार नाही. ज्या ओलीच्या नावातच दाणा आहे, तिला याहून स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

युद्धापूर्वी शब्द बिघडतात. २०२५ च्या त्या चार दिवसांत दूरचित्रवाणीवर बंदरे बेचिराख झाल्याच्या आणि शहरे काबीज केल्याच्या वार्ता बिनदिक्कत दिल्या गेल्या, त्या खोट्या ठरल्या. जेथे मिनिटांत निर्णय व्हायचे, तेथे खोटी बातमी हेही एक सुटलेले क्षेपणास्त्रच असते. शंभर वर्षे चाललेल्या वाचनालयाने आपल्या सभासदाला एक सवय लावलेली असते: पान उलटण्यापूर्वी वाचलेले खरे आहे का, हे पाहण्याची. ती सवय या काळात देशभक्तीचाच भाग आहे. २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला मिळाले. त्या वृद्धांनी आयुष्यभर एवढेच केले की, जे घडले ते जसेच्या तसे सांगत राहिले. आता ते थोडेच उरले आहेत. त्यांच्यानंतर ते सांगणे पुस्तकांकडे येईल आणि पुस्तके सांभाळणाऱ्यांकडे येईल.

७ मेच्या संध्याकाळी काही वेळाने दिवे पुन्हा लागले. ओलीत दुकाने उजळली, मुले रस्त्यावर आली. तो सराव होता, म्हणून दिवे परत लागले. या वाचनालयाची द्विशताब्दी साजरी करणारे वाचक, जे अजून जन्मलेले नाहीत, त्यांच्यासाठी तो दिवा तसाच लागत राहावा, एवढी जबाबदारी आजच्या पिढीवर आहे.